मोजणी वेगळी, यादी वेगळी

या महिन्याच्या टपालात जनगणनेचीच पत्रं जास्त आली. मी इथल्या प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. शिक्षकाच्या नशिबी असतं तसं १९९१ आणि २००१ ला प्रगणक म्हणून दारोदार फिरले, २०११ ला पर्यवेक्षक झाले. म्हणूनच बहुधा संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. तीन पत्रं निवडलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, चहा घेऊनच बसा.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझ्या वडिलांनी शाळेच्या दाखल्याखेरीज कुठेही जात लिहिली नाही, मीही नाही. आजवर कुठल्याही जनगणनेत आमच्या घरी कुणी जात विचारली नाही, आणि आम्हाला त्याचं बरंच वाटत आलं. मुलाने पाटीदार मुलीशी लग्न केलंय, नात सात वर्षांची आहे. येत्या जनगणनेत सगळ्यांची जात विचारणार म्हणतात. आम्ही काय सांगायचं? आणि मुळात सरकारने हे विचारावंच का? विचारून विचारून जात आणखी पक्की नाही का होणार?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : भाऊ, "आजवर कुणी विचारली नाही" या वाक्यापाशी मी अडकले. कारण न विचारणारी कदाचित मीच असेन.

१९९१ ला माझ्या गटात एका टोकाला जुने बंगले होते आणि दुसऱ्या टोकाला, प्रतापनगरच्या बाजूला, रेल्वेवाल्यांची चाळ. तक्त्यात एक रकाना होता: अनुसूचित जाती की जमाती, असल्यास नाव. १९५१ पासून एवढंच विचारतात. नियमाने ते प्रत्येक दारात विचारायचं. होत काय होतं, ते सांगते. बंगल्याच्या फाटकावरची पाटी वाचायची, ओटीवरचा झोपाळा बघायचा, रकान्यात आडवी रेघ मारायची आणि पुढे. चाळीत शिरलं की मात्र तोंडातून प्रश्न निघायचा. आम्ही सगळ्याच जणी असं करायचो, आणि त्यात काही चुकतंय असं एकीलाही वाटलं नाही. म्हणजे इतकी वर्षं सरकार जात विचारत होतंच, फक्त काही दारांत. उरलेल्यांना आपल्याला जातच नाही असं वाटून घ्यायची मोकळीक होती. तुमच्या वडिलांचा मान राखून सांगते, ती मोकळीक त्यांना आडनावाने मिळवून दिली होती. माझ्या सासऱ्यांनाही.

त्याच चाळीत एक फिटर राहायचे, विदर्भातून आलेले. धर्म काय लिहू म्हटलं. म्हणाले, "बौद्ध. आणि पुढच्या रकान्यात महार." मी शहाणपणा केला, की बौद्धांत जात कुठे असते, दोन्ही कसं लिहू? ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि घडी पडलेलं वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. १९९० ला कायदा बदलला होता, बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीत धरायचं ठरलं होतं. शिखांसाठी हे १९५६ लाच झालं होतं, बौद्धांना आणखी चौतीस वर्षं लागली. आमच्या प्रशिक्षणात हे सांगितलं होतं, माझं लक्ष नव्हतं. मी लिहायला घेतलं तर म्हणाले, "बाई, पेनाने लिहा. माझ्यासमोर." त्यांच्या वडिलांच्या वेळी कुणी तरी न विचारताच 'हिंदू' लिहून गेलं होतं. मी लिहिलं, त्यांनी वाकून दोन्ही शब्द वाचले, आणि मगच मुलीला पाणी आणायला सांगितलं.

तेव्हा विचारल्याने जात पक्की होते का, याचं उत्तर मी असं देते: न विचारल्याने ती कुठे पातळ झाली? याच अंकाची मागची पानं उघडा. वधू-वर सूचनांत पोटजात, गोत्र, पत्रिका, सगळं आपण पैसे भरून छापून आणतो. तिथे सरकार विचारायला आलेलं नसतं.

बरं, आकडा नसला तर कामं थांबतात का? थांबत नाहीत, अंदाजाने होतात. सगळ्या जातींची शेवटची छापील गणती १९३१ ची. १९४१ ला माहिती गोळा केली, पण युद्धाच्या धांदलीत तिचे तक्ते निघालेच नाहीत. मंडल आयोगाने मागासवर्गीय ५२ टक्के म्हटले ते १९३१ वरून हिशेब करून. पुढे २०२१ ला महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी जागांसाठी आधी आकडे आणा म्हटलं, आणि 'इम्पिरिकल डेटा' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रोजचा झाला. आपल्या गुजरातेतही त्यासाठी झवेरी आयोग नेमावा लागला, आणि त्याच्या अहवालानंतर २०२३ ला पालिका-पंचायतींत ओबीसींच्या जागा १० टक्क्यांवरून २७ वर गेल्या. आरक्षण असावं की नसावं यावर तुमचं-माझं जमणार नाही, तो वाद बाजूला ठेवू. पण वाटप चालूच आहे. मग माणसं किती आणि कुठे, हे ठाऊक नसताना पंगत वाढण्यात कसला आलाय पुरोगामीपणा?

मोजण्याची सवय तर आपल्या बडोद्याला जुनीच. गायकवाडी राज्याची १८९१ ची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती, १९०१ ला ती साडेएकोणीस लाखांवर आली. मधे छप्पनियो दुष्काळ. माझी आजेसासू त्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायची, पण साडेचार लाखांहून जास्त माणसं कमी भरली हे गोष्टीतून नसतं कळलं. त्या काळच्या जनगणनेत कुठल्या जातीत किती बायका-पुरुष लिहायला वाचायला शिकलेत याचेही तक्ते असायचे. सयाजीरावांनी १९०६ ला सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्यानंतर शाळेत कोण आलं आणि कोण नाही, हे बघायला तेच तक्ते होते.

आता तुमच्या भीतीकडे येते, कारण ती मलाही आहे. फक्त माझी भीती प्रश्नाची नाही, यादीची आहे. मोजणी वेगळी, यादी वेगळी. 'या वॉर्डात अमुक जातीची इतकी माणसं' ही मोजणी. 'अमुक घर नंबर, अमुक नाव, अमुक जात' ही यादी.

बडोद्याच्या माणसाला यादी म्हणजे काय, हे कामाठीबागेत जाऊन कळावं. १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी इथे आले. राहायला जागा मिळेना. पारशी सराईत उतरायला गेले, तर ती फक्त पारश्यांसाठी. शेवटी त्यांनीच तोड काढली: नोंदवहीत पारशी नाव घालतो. शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन आलेला माणूस नोंदवहीत दुसऱ्याच नावाने राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक जिन्यात आले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की बाहेर पडल्यावर कुठे थारा मिळेना, म्हणून रात्रीच्या गाडीपर्यंत ते बागेत बसून राहिले. आज तिथे संकल्पभूमी आहे. आपण तिथे फुलं वाहतो, आणि तिथून निघून भाडेकरूला आडनाव विचारतो.

म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट बघा. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तुमच्या घरचा तक्ता कुणालाही बघायला मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. खुले होतात ते फक्त बेरजेचे आकडे. पण २०११ ला जी सामाजिक-आर्थिक व जात पाहणी झाली ती या कायद्याखाली नव्हती. तिच्यातली घरोघरची माहिती सरकारी खात्यांना लाभ द्यायला किंवा नाकारायला वापरता येत होती. जातीचा भाग तेवढा बंद ठेवला. दारात येणारी बाई तीच, पिशवी तीच, कागदामागचा कायदा निराळा. म्हणून उद्या कुणी जात विचारायला आलं तर पहिलं हे विचारा: ही जनगणना आहे की दुसरी कुठली पाहणी? ओळखपत्र बघा. जनगणना असेल तर सांगा. आणि जनगणनेचा कागद दुसऱ्या कुठल्या कार्डाशी जोडायचं घाटत असेल तर ओरडा, तुमच्या मागे मीही ओरडेन.

(याच कायद्यातलं माझं लाडकं कलम सांगून टाकते. विचारलेल्याचं उत्तर देणं बंधनकारक आहे, पण जिचं नाव घ्यायला रीत मना करते त्या बाईला नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती नाही. वाडीतल्या एका आजींनी मला नाव सांगितलं नाहीच, उखाणा घेतला. त्यातून नाव काढून मी तक्त्यात लिहिलं.)

२०११ च्या त्या पाहणीत जातींचं जे झालं तेही ऐका. १९३१ ला ४,१४७ जाती मोजल्या होत्या. २०११ ला निघाल्या ४६ लाखांहून जास्त. केंद्र सरकारने २०२१ ला सर्वोच्च न्यायालयात तसं सांगितलं आणि आकडे वापरायच्या लायकीचे नाहीत म्हणून बाहेर काढले नाहीत. एवढ्या जाती आल्या कुठून? कुणी गोत्र सांगितलं, कुणी कुळी, कुणी आडनाव, आणि प्रगणकांनी जसं ऐकू आलं तसं लिहिलं. एकच 'कुणबी' दहा तऱ्हांनी लिहिला की यंत्राला त्या दहा जाती. आमच्या पर्यवेक्षकांच्या बैठकीत एकीने एका घरापुढे 'शहाण्णव' एवढंच लिहून आणलं होतं, कुळी लिहायची राहिली होती. यंत्राने बिचाऱ्याने तो वयाचा आकडा समजला असता. म्हणून आधी यादी छापून हाती द्या, प्रगणकांना धड शिकवा. आम्हाला पंख्याखाली झोपवून शिकवलं तसं नको.

एप्रिल २०२५ ला केंद्राने जातगणना करायचं ठरवलं. अधिसूचनेप्रमाणे आपल्याकडे १ मार्च २०२७ ची स्थिती धरून गणती आहे. तुमच्या घरचं सांगायचं तर, कायदा म्हणतो 'आपल्या माहितीप्रमाणे किंवा समजुतीप्रमाणे' सांगा. प्रगणकाने ते तसंच लिहायचं, वाद घालायचा नाही. तुमची जात तुम्हाला ठाऊक आहे, ती सांगा. वडिलांशी बेइमानी होणार नाही, ज्यांना आजवर एकट्यालाच सांगावी लागली त्यांच्या रांगेत उभं राहणं होईल. सूनबाईंची त्यांना सांगू दे, दारात पुढे होऊन तुम्ही नका सांगू. नातीचं तिच्या आईबापांनी ठरवावं. 'जात नाही' म्हणायचं असेल तर तसं स्पष्ट म्हणावं आणि लिहिलेलं वाचून बघावं. २०११ च्या पाहणीत तशी सोय होती. त्या फिटरभाऊंसारखं वाकून वाचा, एवढंच.

प्रश्न : बाई, माझी थोरली इंग्लंडात लेस्टरला नर्स आहे. तिकडे दवाखान्यात, नोकरीच्या अर्जात, सगळीकडे 'एथ्निक ग्रुप' विचारतात आणि ती 'इंडियन'वर खूण करते. धाकटी फ्रान्समध्ये ल्योंला आहे. ती म्हणते आमच्याकडे असं विचारणं बेकायदा, आणि तेच बरोबर. रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघी भांडतात. मी कुणाची बाजू घ्यावी?
— एक आई, कारेलीबाग, बडोदा

उत्तर : आईने बाजू घेऊ नये, ताई. पण मला विचारलंत तर मी थोरलीकडे झुकते, धाकटीचं पूर्ण ऐकून.

धाकटीच्या देशाला धास्ती आहे ती उगीच नाही. १९४० ला जर्मनांच्या हुकमावरून पॅरिसच्या पोलिसांनी ज्यूंना नोंद करायला बोलावलं. लोक आपल्या पायांनी गेले, रांगेत उभे राहिले, कार्डं तयार झाली. जुलै १९४२ मध्ये तीच कार्डं हातात घेऊन पोलीस दारात आले आणि दोन दिवसांत १३ हजारांवर माणसं उचलली. ॲमस्टरडॅममध्ये १९४३ ला काही जणांनी लोकसंख्येच्या नोंदणी कचेरीलाच आग लावली, कार्डं जळावीत म्हणून. थोडीच जळली, आणि पकडले गेले त्यांतल्या बहुतेकांना गोळ्या घातल्या. अशा आठवणी असलेल्या देशाने १९७८ च्या कायद्यात वंशाची माहिती गोळा करायला मनाई घातली, तर मी तरी त्यांना नावं ठेवणार नाही. पण बघा, हीसुद्धा यादीच होती. नाव, पत्ता, गल्ली.

थोरलीकडे पहिल्यांदा हा प्रश्न आला १९९१ च्या जनगणनेत. मी प्रतापनगरला फिरून आले त्यानंतर दोनच महिन्यांनी. त्याचा उपयोग काय, हे करोनात दिसलं. इंग्लंडात त्या वेळी मृत्यूच्या दाखल्यावर वंश लिहीत नसत. तेव्हा त्यांच्या आकडेवाल्यांनी २०२० च्या वसंतात झालेले मृत्यू २०११ च्या जनगणनेशी ताडून पाहिले आणि निघालं की कृष्णवर्णी, बांगलादेशी, पाकिस्तानी, भारतीय, सगळेच गोऱ्यांपेक्षा जास्त मरताहेत. मग पुढचे प्रश्न विचारता आले: बस कोण चालवतं, वॉर्डात कोण उभं असतं, एका घरात किती जण झोपतात. तुमची लेक नर्स आहे, तिला हे माझ्याहून जास्त ठाऊक असेल. फ्रान्सनेही जन्मदेशावरून हिशेब काढला. त्या मार्च-एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये जन्मलेल्यांचे मृत्यू आदल्या वर्षापेक्षा २२ टक्क्यांनी वाढले, बाहेर जन्मलेल्यांचे ४८ टक्क्यांनी. पण बाहेरून आलेल्यांची तिथेच जन्मलेली मुलं? ती पहिल्या आकड्यात मिसळून गेली.

रकाने मात्र सरकारच्या सोयीने बनतात, हेही दोघींना सांगा. अमेरिकेच्या जनगणनेत १९२० पासून १९४० पर्यंत 'हिंदू' हा एक वंश होता आणि त्यात पंजाबचे शीख धरायचे. १९७० ला आपण तिथे 'गोरे' होतो, १९८० ला 'एशियन इंडियन' झालो. माणूस तोच, दहा वर्षांत रंग बदलला! लेस्टरचंच घ्या. २०२१ ला तिथे एशियन ४३.४ टक्के आणि गोरे ४०.९, अर्ध्यावर कुणीच नाही. त्या 'इंडियन'च्या खुणेत पूर्व आफ्रिकेतून आलेले गुजराती आले, पंजाबी आले आणि तुमची लेकही आली. तिला दुकानात सगळे गुजरातीच समजत असणार. बडोद्याची असल्याने ती उत्तरही गुजरातीतच देत असेल.

प्रश्न : आम्ही घरात आता गुजरातीच बोलतो. मुलं गुजराती, इंग्रजी बोलतात, मराठी समजतं पण बोलत नाहीत. मातृभाषा मराठी सांगितली तर ते खोटं होईल का?
— एक वाचक, सियाबाग, बडोदा

उत्तर : तुमच्यासाठी खोटं नाही. जनगणनेच्या पुस्तिकेत मातृभाषेची व्याख्या सरळ आहे: लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली ती. आज तुम्ही काय बोलता हा प्रश्नच नाही. मुलांचं मात्र मुलांच्या आईला विचारा, आणि ती गुजरातीत बोलत आली असेल तर गुजराती सांगा. आपला आकडा फुगवायला मुलांची भाषा उसनी घेऊ नये. देशभरात २०११ ला मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, गुजरातेत ९ लाखांच्या वर. त्यात तुमची दोन मुलं मावली नाहीत तरी मराठी बुडत नाही.

हे मी बोलतेय, पण माझ्या हातून उलटंच पाप झालंय. २००१ च्या फेब्रुवारीत, भूकंपाला पंधरा-वीस दिवस झाले होते. कच्छमध्ये गणती पुढे ढकलली होती, आम्हाला मात्र बडोद्यात फिरायचं होतं. वाडीतल्या एका घरी मुलगा दारातच भेटला, तडकाफडकी उत्तरं देत होता. भाषा? "गुजरातीच लखी नाखो ने, बेन." सहा माणसं होती, मी सहाही ओळींत गुजराती लिहिलं. पाणी प्यायला आत गेले तर स्वयंपाकघरातून म्हातारीचा आवाज: "अगं, बाईंना पाटावर बसव, भुईवर गारठा आहे." स्वच्छ मराठी, माझ्या आईच्या तोंडचं.

त्या वर्षी तक्ते पहिल्यांदाच यंत्राने वाचायचे होते. खाडाखोड करू नका, असं बजावलेलं होतं. करायची तर नीट रेघ मारून शेजारी लिहायचं, पर्यवेक्षकांना दाखवायचं. अजून चौदा घरं राहिली होती. मी पाणी प्यायले, म्हातारीला नमस्कार केला आणि निघाले.

तेव्हा घरच्या थोरल्या बाईला दारात खुर्ची देऊन बसवा आणि तिचं उत्तर तिला देऊ द्या. आणि हो, मातृभाषेखेरीज येणाऱ्या भाषा दोनच लिहितात. गुजराती, हिंदी, इंग्रजी तिन्ही येत असतील तर कोणती गाळायची, ते आधीच ठरवून ठेवा. दारात त्यावरून फार वेळ जातो.